डुमसची बाळंतीण

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा अप्पा बराच वेळ पलीकडचा काठ शोधत उभे होते. कपाळावर हात आडवा धरून त्यांनी आधी समोर पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. आमच्या खान्देशात पाणी म्हणजे नदी, आणि नदी म्हटली की दोन काठ. एका काठावर आपलं गाव, दुसऱ्यावर सोयऱ्यांचं. शेवटी त्यांनी मायला विचारलं, “दुसरा काठ कोठे शे?” मायच्या डोक्यावर अंथरुणाचं गाठोडं होतं आणि हातात तवा. ती म्हणाली, उभं राहायला एक काठ पुरतो, तुम्ही आधी खोली कुठली ते विचारा. असे आम्ही डुमसला राहायला आलो. सुरतची माणसं तिथे सुट्टीला येतात, आम्ही पोटासाठी गेलो.

त्याआधी अप्पा सुरतेजवळच भेस्तानला यंत्रमागावर होते. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. अगदीच गेले नव्हते, पण जवळ जाऊन ओरडल्याशिवाय त्यांना काही कळत नसे. त्यामुळे आमच्या घरात सगळं बोलणं ओरडूनच व्हायचं. मीठ दे म्हटलं तरी शेजारच्या खोल्यांना समजायचं की आज यांची भाजी अळणी झाली. अशा घरात मी कशी निपजले देव जाणे. माझा आवाज ओठांपर्यंत यायचा आणि तिथून मागे फिरायचा. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा मी नुसता हात वर करायचे. अप्पांना तर माझं बोलणं ऐकूच येत नसे. त्यांना काही सांगायचं असलं की मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढायचे आणि बोटानं दाखवायचे. आम्हा दोघांचं त्यात छान चालायचं. मग मालकानं माग विकले, आणि कोणीतरी अप्पांना सुचवलं की डुमसला भाजलेल्या मक्याची गाडी लावा, फिरायला आलेली माणसं खातात. अप्पांना मका चांगला माहीत होता. समुद्र काय, तो मक्याबरोबर आला.

आमची खोली कमूमाशीच्या भजियाच्या दुकानामागे होती. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, पुढे मोठी कढई आणि गिऱ्हाइकांना बसायला लांब बाकडी. माशी म्हणजे तिकडची मावशी. ती तिथलीच, जन्मापासून डुमसची. अंगानं भरलेली, नाकात चमकी, आणि हाताच्या कोपरापर्यंत तेलाचे जुने डाग. ती टोमॅटोच्या जाड चकत्यांना हिरवी चटणी लावून पिठात बुडवायची आणि कढईत सोडायची. दुसरी तिची रताळूपुरी. रताळू म्हणतात, पण असतं ते जांभळं कोनफळ. त्याच्या कापांवर धणे आणि मिरी चिकटवून तळायचं. पहिल्या दिवशी तिनं मला एक पुरी दिली आणि नाव विचारलं. मी खाली बघितलं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुरी तोंडात घातली, म्हणजे बोलावं लागणार नाही. त्या दिवसापासून तिनं मला मूंगी म्हणायला सुरुवात केली, म्हणजे मुकी. मला राग आला नाही. उलट बरं वाटलं, कारण मुकीला कोणी प्रश्न विचारत नाही.

पहिल्या रात्री अप्पांना झोप लागली नाही. मागाची खडखड त्यांना कानांपेक्षा पाठीला जास्त कळायची. जमीन थरथरत नाही म्हणून ते या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहिले. मायचं मात्र लगेच बस्तान बसलं. तीन विटा मांडल्या, ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी थापली, तव्यावर मिरच्या परतून ठेचा रगडला. त्या धुरानं भिंतीपलीकडे माशीला असा ठसका लागला की तिचा झारा कढईत पडला. ती नाकाला पदर लावून आली आणि म्हणाली, तुम्ही खाता की जाळता? मायला गुजराती धड येत नव्हती. तिनं हसून भाकरीच्या तुकड्यावर ठेचा ठेवून माशीला दिला. माशीनं तो तोंडात घातला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ती वाटी घेऊन दारात उभी.

धंद्याची एक अडचण होती. डुमसला जो ओरडेल त्याचं विकतं. फुगेवाला ओरडतो, घोडेवाला ओरडतो, नारळवाला ओरडतो. आमची गाडी गप्प. अप्पांनी एकदा आरोळी दिली, पण त्यांच्या कानांच्या हिशेबानं ती इतकी मोठी होती की बाबागाडीतलं एक पोर दचकून रडायला लागलं आणि त्याची आई आमच्याकडे वळून बघत निघून गेली. माय निखारे फुलवायची, तिला फुरसत नसे. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. “गरम मकाई” एवढे दोनच शब्द. मी मका फिरवायचे, लिंबू चोळायचे, तिखट-मीठ लावायचे, सगळं करायचे, पण ते दोन शब्द नाही. माय चिडायची. म्हणायची, हिच्यापेक्षा मक्याचे दाणे जास्त बोलतात, निदान फुटताना तडतडतात तरी. आजही मी भाजीवाल्याकडे बोटानं दाखवूनच भाजी घेते. सुना म्हणतात, आईंचं बोट फार बोलकं आहे.

आता भुरीबद्दल. डुमसची कुत्री आमच्या भेस्तानच्या कुत्र्यांसारखी नव्हती. ती फिरायला आलेल्या माणसांवर जगायची आणि त्यांना रविवार कळायचा. रविवारी ती अंग झटकून, शेपटी वर करून, पाहुण्यांना घ्यायला आल्यासारखी रस्त्यावर उभी असायची. सोमवारी दिवसभर झोपायची. गाठिया, भुसं म्हणजे सुरती चिवडा, भजी, चोखलेलं कणीस, सगळं खायची, आणि त्यामुळे कोणाला खरूज, कोणाचं पोट बिघडलेलं. भुरी राखेच्या रंगाची होती, एक कान फाटलेला. ती आमच्या गाडीखाली राखेच्या उबेला येऊन बसायची. पहिली भाकरी जनावराची, ही आमच्या घरची रीत. भेस्तानला ती गायीला जायची. इथे गाय दारात येईना, म्हणून मायनं भुरीला द्यायला सांगितली. भुरीनं आयुष्यात भाकरी पाहिली नव्हती. तिनं ती हुंगली, माझ्याकडे पाहिलं, आणि नीट खड्डा करून वाळूत पुरली. चौथ्या दिवशी मात्र तिनं सगळ्या पुरलेल्या भाकऱ्या उकरून काढल्या आणि खाल्ल्या. त्यानंतर ती माझी झाली, किंवा मी तिची. तिच्याशी मी बोलायचे. ती काही विचारत नसे, म्हणून असेल.

तिचं पोट मोठं होतं ते मला दिसत होतं, पण तिनं जागा निवडली ती भलतीच. एके दिवशी सकाळी माशीनं दुकान उघडलं आणि किंचाळली. बाकड्याखाली, बेसनाच्या डब्यांच्या मागे, पोत्यावर भुरी आडवी पडलेली आणि तिच्या पोटाशी पाच पिल्लं, उंदरांएवढी, डोळे मिटलेली. मला वाटलं, आता माशी काठी आणणार. तिनं काठी नाही आणली, कढई आणली. गव्हाचं पीठ तुपात खरपूस भाजलं, गूळ घातला, गरम पाणी ओतलं, आणि शिरा परातीत काढून फुंकर मारत बसली. “सुवावडीने शिरो तो जोईए ने,” ती म्हणाली. बाळंतिणीला शिरा नको का? सुरतेत ही रीतच आहे. गल्लीतली कुत्री व्याली की घरोघरी जाऊन कोणाचं पीठ, कोणाचं तूप, कोणाचा गूळ मागून आणायचा आणि तिला शिरा घालायचा. आम्हाला ते नवीन होतं. माय परातीतलं तूप बघून हसत सुटली. म्हणाली, या मुक्या पोरीच्या वेळी मला एवढं तूप कोणी घातलं नव्हतं, घातलं असतं तर पोर बोलकी झाली असती.

पण शिरा वेगळा आणि दुकान वेगळं. माशीची मुलगीही त्याच दिवसांत शहरात बाळंत व्हायची होती, आणि माशी तिच्याकडे निघाली होती. ती परत येणार होती चंदी पडव्याला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी अख्खं सुरत घारी, म्हणजे तुपात घोळलेली माव्याची मिठाई, आणि भुसं घेऊन घराबाहेर पडतं, डुमसला पाय ठेवायला जागा नसते. माशीचं वर्षाचं निम्मं भजं त्या दिवशी विकलं जायचं. पिल्लांची आई चावरी असते, बाकड्याखाली ती आणि बाकड्यावर गिऱ्हाइकांची पोरं, हे चालणार नव्हतं. माशीनं मला हाताला धरून बाकड्याखाली वाकवलं आणि दाखवून सांगितलं, “पडवाने दिवसे अहीं एक पण गलूडियुं ना जोईए. नहीं तो कोथळामां भरीने मोकली दईश.” पडव्याला इथे एकही पिल्लू दिसलं तर पोत्यात भरून धाडून देईन. कुठे धाडणार ते तिनं सांगितलं नाही. माशी बोलायची ते करायची, एवढं मला तोवर कळलं होतं. मी मान हलवली.

मी अप्पांची बाही ओढून त्यांना बाकड्यापाशी नेलं. अप्पा वाकले, पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मागावरचं काम गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. त्यांना काहीतरी बांधायला मिळालं होतं. गावाकडे ते खळ्यावर राखणीची खोप बांधायचे, तशी खोप त्यांनी भुरीसाठी बांधायला घेतली. किनाऱ्यावर पडलेल्या होडीच्या दोन फळ्या, वर खजुरीचे झाप, आत मक्याचं पोतं. दार समुद्राच्या वाऱ्याकडे, बाळंतिणीला कोंडल्यासारखं होऊ नये म्हणून. जागा निवडताना त्यांनी फार काळजी घेतली. दोन दिवस पाणी कुठपर्यंत येतं ते पाहिलं, तिथे काडी रोवली, आणि काडीपासून चांगलं दूर, वाळूच्या एका उंचवट्यावर घर मांडलं. नदीकाठी असंच करतात. पाण्याची खूण बघायची आणि तिच्यावर राहायचं. त्याच्याही वर, पार माशीच्या दुकानाजवळ, काड्याकुड्या, करवंट्या आणि वाळलेल्या शेवाळाची एक लांब ओळ पडलेली होती. माय म्हणाली, ही फिरायला येणारी माणसं किती घाण करतात, आणि कचरासुद्धा बघा कसा ओळीत टाकतात.

गावातली माणसं येता-जाता त्या घराकडे बघून हसायची. अप्पांना वाटायचं, कौतुक करतायत. तेही हात जोडून हसायचे. अष्टमीच्या सुमाराला समुद्र अंगात जीव नसल्यासारखा असतो आणि पुनवेला तोच उठून बसतो, हे आम्हाला कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तरी अप्पांना ऐकू आलं असतं का? पाणी रोज थोडं जवळ येतंय असं माय एकदा म्हणाली होती. अप्पा म्हणाले, येतं आणि जातं, त्याचं कामच ते.

भुरीला घर आवडलं नाही. मी पिल्लं फ्रॉकच्या ओच्यात घालून घरात नेऊन ठेवली, ती मागोमाग आली, आत बसली, त्यांना दूध पाजलं. मी गाडीवर परतले तर ती एकेक पिल्लू तोंडात धरून वर आणत होती, पुन्हा बाकड्याखाली. मी ती परत खाली नेली. तिनं परत वर आणली. असं रोज चाललं. ती माझ्यावर गुरगुरली नाही, नुसती बघायची, जसं माय माझ्याकडे बघायची मी आरोळी देत नाही तेव्हा. माय म्हणाली, मांजर पिल्लांना सात घरं दाखवते हे ऐकलं होतं, हिनं ते कधीपासून मनावर घेतलं? मला सारखं ते पोतं डोळ्यांपुढे यायचं. भुरीला माशीचं पोतं माहीत नाही, म्हणून तिला कळत नाही, असं मला वाटायचं. मी तिला समजावून सांगायचे, अगं, पडवा होऊ दे, मग ने कुठे न्यायची ती.

पडवा रविवारी आला. सकाळीच माशी परतली, नात झाली म्हणून पेढे घेऊन. आधी वाकून बाकड्याखाली पाहिलं. पहाटेच मी पिल्लं खाली नेऊन जागा झाडून ठेवली होती, स्वच्छ. “क्यां मूक्यां?” तिनं विचारलं. कुठे ठेवलीस? मी बोटानं खाली दाखवलं. खाली तोवर घोडे, फुगे, छत्र्या, पसरलेल्या चटया, माणसंच माणसं. तिला काय दिसणार? ती “सारुं”, म्हणजे बरं, म्हणाली आणि पीठ भिजवायला बसली. बोटानं तेवढंच सांगता येतं.

दुपार कलायला लागली तशी गर्दी वाढली. कडकडीत ऊन होतं, पण लोकांना चांदण्याची घाई झालेली; घारीचे डबे आतापासूनच उघडलेले. आमच्याही बाजूची माणसं खूप होती. गिरण्या आणि माग बंद म्हणून पांडेसरा, उधना, भेस्तान, सगळीकडून खान्देशी कुटुंबं आलेली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून बायका पाण्यात उभ्या होत्या. मला त्यांची बोली ऐकू येत होती आणि मी मान खाली घालून मका फिरवत होते. डुमसला येऊन मला एक नवीनच लाज जडली होती. गुजराती येत नाही म्हणून गप्प, आणि अहिराणी कोणी ऐकली तर हसेल म्हणून गप्प.

मग मला भुरी दिसली. तोंडात पिल्लू धरून ती वर पळत येत होती, आणि माणसं तिला बघून बाजूला होण्याऐवजी ओरडत होती. कुत्री तोंडात काहीतरी घेऊन धावते आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. कोणी चप्पल फेकली, कोणी वाळू. तिनं ते पिल्लू आमच्या गाडीखाली टाकलं आणि परत फिरली, तशी लोकांनी तिला पुन्हा हुसकलं. ती वेडीवाकडी पळत खाली गेली. मी तिच्यामागे मान वळवली, आणि भुरीच्या घराकडे पाहिलं. घराच्या पुढे अजून कोरडी वाळू होती. पण मागून, जिथे आम्हाला एक उथळ ओहळ वाटायचा तिथून, पाणी आत शिरलं होतं. आवाज नाही, लाट नाही, नुसतं चमकत पसरत होतं, जसं कोणी सारवताना शेणकाला पुढे लोटतं. अप्पांचा उंचवटा चारी बाजूंनी वेढला जात होता, आणि आत चार पिल्लं होती, डोळेसुद्धा न उघडलेली. भुरी काठाशी पोचली, पाण्यात उतरली, आणि एक धिप्पाड माणूस तिला काठीनं मागे हाकलायला लागला, कारण पलीकडे त्याची मुलं खेळत होती.

अप्पा पाठमोरे निखाऱ्यांना वारा घालत होते. माय पाण्याचा हंडा आणायला गेली होती. मी अप्पांची बाही ओढली. त्यांनी हातानंच थांब म्हटलं, समोर गिऱ्हाईक होतं. मी पुन्हा ओढली. आणि मग माझ्या पोटातून काय निघालं ते मला अजून सांगता येत नाही. मी काही ठरवलं नव्हतं. “अप्पा, पानी ई ऱ्हायनं! भुरीना पिल्लं बुडी ऱ्हायनात!” पाणी येतंय, भुरीची पिल्लं बुडतायत.

अप्पांना ऐकू आलं नाही. पण आमच्या गाडीपासून पाण्यापर्यंत जितक्या खान्देशी माना होत्या तितक्या वळल्या. पाण्यात उभी असलेली एक जाड काकू कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “कोनी पोर शे वं तू? काय व्हयनं?” कोणाची पोर, काय झालं? मी पळत खाली निघाले आणि पळता-पळता बोलत होते, एकसारखी, ओरडून, अहिराणीत, भुरी बाळंतीण आहे, पाच आहेत, एक वर आणलं, ते घर आमच्या अप्पांनी बांधलं, तिला मारू नका. काकू त्या काठीवाल्या माणसाकडे गेली आणि तिनं त्याची काठी सरळ हातातून काढून घेतली. “बाळंतीन शे ती, सरक बाजूले.” त्याला शब्द कळला नसेल, पण तो सरकला. तोवर यंत्रमागांवरची माणसं पायजमे वर करून पाण्यात उतरली होती. कोणाला कोणी ओळखत नव्हतं. आज मी आठवते तेव्हा वाटतं, तेही सकाळपासून कोणीतरी आपल्या बोलीत हाक मारेल याची वाट बघत होते.

गुडघाभर पाण्यात रांग झाली. पुढचा एक म्हातारा, टोपीवाला, खोपीपर्यंत पोचला आणि त्यानं आत हात घातला. पहिलं पिल्लू त्यानं टोपीत ठेवून मागे दिलं. टोपी हातोहात काठापर्यंत आली, माझ्या ओच्यात रिकामी झाली, आणि हातोहात परत गेली. पुन्हा भरून आली. भुरी पोटापर्यंत पाण्यात उभी राहून प्रत्येक टोपीकडे मान वळवून बघत होती आणि ओळीतल्या कोणालाही तिनं दात दाखवले नाहीत. शेवटचं पिल्लू भिजलेलं होतं आणि हलत नव्हतं. काकूनं ते पदरात घेऊन असं चोळलं जसं न्हाऊ घातलेल्या पोराला चोळतात, आणि त्यानं चूं केलं. तेव्हा त्या बायकांनी जो आवाज केला तो ऐकून घोडे बिथरले.

अप्पांना इतक्या वेळानं काहीतरी जाणवलं असावं. गाडीवरचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे पाठ करून उभं आहे असं दिसल्यावर ते वळले. त्यांनी पाहिलं की त्यांचं घर उंचवट्यावरून उठलंय आणि झापांसकट, हळूहळू डोलत, समुद्रात निघालंय. ते कपाळावर हात धरून बघत राहिले. मग अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “पन तरंगी ऱ्हायनं ना!” बुडत तर नाही ना. त्यावर जो हशा झाला त्यात गुजराती, खान्देशी, काठीवाला, सगळे होते.

मग मी वर दुकानापाशी आले. ओच्यात चार ओली पिल्लं, पाचवं गाडीखाली, भुरी माझ्या पायांशी, मागे भिजलेली पन्नासएक माणसं, आणि समोर पडव्याच्या दिवशी कमूमाशी, झारा हातात. बाकडी गिऱ्हाइकांनी भरलेली. मला ते पोतं दिसत होतं, डब्यांजवळ घडी घालून ठेवलेलं. मी बोट वर केलं नाही. मी म्हणाले, “माशी, पाणी आलं. दुसरी जागा नाही.” गुजरातीत म्हणाले की मराठीत, ते आता आठवत नाही.

माशी माझ्याकडे बघत राहिली. कढईतलं भजं करपायला लागलं. मग ती अप्पांकडे वळली आणि तिनं त्यांना असं झापलं की ऐकू न येण्याचा त्यांना तेव्हा फायदाच झाला. “पडवानी भरती कोईने पूछीने आवे? कूतरीने खबर हती, तने नहोती?” पडव्याची भरती काय कोणाला विचारून येते? कुत्रीला माहीत होतं, तुला नव्हतं? बोलता-बोलता तिनं पायानं बेसनाचे डबे सरकवले, ते पोतं उचललं, झटकलं, आणि बाकड्याखाली अंथरलं. बाकड्यावर बसलेल्या बाईनं पाय वर घेतले, डबा उघडला आणि घारीचा तुकडा भुरीपुढे ठेवला. भुरीनं तो हुंगला आणि वाळूत पुरला.

“पण एक वात,” माशी मला म्हणाली. “मूंगी हवे मूंगी नथी. भजियां माटे पण बूम पाड.” पण एक गोष्ट, मुकी आता मुकी राहिली नाही, तर माझ्या भज्यांसाठी पण ओरड. मला ओरडावं लागलंच नाही. ती सगळी ओली माणसं दुकानाभोवती बसली होती, आणि पहिलं भजं खाऊन टोपीवाला म्हातारा म्हणाला, चांगलं आहे, पण गोड लागतं, ठेचा नाही का? माय हंडा घेऊन तेवढ्यात परत आली होती. काय झालं ते कळायच्या आतच तिच्या हातात पाटा-वरवंटा आला. त्या दिवशी टोमॅटोचं भजं आणि मिरचीचा ठेचा अशी जोडी डुमसला पहिल्यांदा जमली. माशीला एवढ्या ठसक्यात पैसे घ्यायलाही सुचेना.

पुढे ती कुटुंबं रविवारी येत राहिली. काकू फडक्यात घरची पहिली भाकरी बांधून आणायची, ‘भुरीनी’ म्हणून. तिचं बघून इतर बायका आणायला लागल्या. मी टोपलीत त्या गोळा करून किनाऱ्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना घालायचे, खरूज असेल त्याला करंजाचं तेल लावायचे. पुढच्या वर्षी दुसरी एक कुत्री व्याली तेव्हा शिऱ्यासाठी पीठ आणि गूळ मागायला माशीनं भांडं देऊन मलाच गाडी-गाडीवर पाठवलं, आणि मी मागून आणलं. माझा नातू मला मागे डुमसला घेऊन गेला होता. आता कुत्र्यांच्या गळ्यात चमकणारे पट्टे असतात, कानाला नसबंदीची कापलेली खूण असते, आणि कॉलेजची मुलं-मुली स्कूटरवर भाताच्या बादल्या घेऊन येतात. मी लांब बसून बघत होते. नातू म्हणाला, आजी, त्यांना सांग ना तुझी गोष्ट. मी मान हलवली, नको. लाज पूर्ण कुठे जाते?

त्या पडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओसरलेलं होतं. अप्पा एकटेच खाली गेले आणि थोड्या वेळानं होडीची एक फळी खांद्यावर घेऊन आले. समुद्रानं ती परत आणून टाकली होती, काड्या, करवंट्या आणि ओल्या शेवाळाच्या ताज्या ओळीत, माशीच्या दुकानापासून दहा पावलांवर. जुन्या ओळीच्या अगदी जवळ. मायनं जिला कचरा म्हटलं होतं, ती. अप्पांनी आधी त्या ओळीकडे पाहिलं, ती किनाऱ्यानं लांबवर कशी जाते ते पाहिलं, मग बाकड्याखाली झोपलेल्या भुरीकडे पाहिलं. ती ओळीच्या वर होती, पिल्लं तिच्या पोटाशी एकावर एक. अप्पांनी माझी बाही ओढली आणि बोटानं ती ओळ दाखवली.

“हाई शे काठ,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले.

मग आम्ही दोघांनी मिळून मक्याची गाडी ढकलली, आणि भुरीच्याही वरच्या अंगाला नेऊन उभी केली.